आधणाचे पाणी

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. रोज पाणी बदलायचे, मग गहू वाटून फडक्यातून पिळून काढायचा. फडक्याखाली पांढरा चीक जमतो आणि फडक्यात चिवट, करडा चोथा उरतो. चीक रात्रभर निवळला की वरचे आंबूस पाणी ओतून देतात, आणि सकाळी तो आधणात वैरून, घोटून, सोऱ्यातून उन्हात घालतात. चोथ्याच्या काही घरांत भुसवड्या होतात, काही ठिकाणी तो गुरांपुढे जातो. चैत्र-वैशाखात गच्चीवर आणि अंगणात चालणाऱ्या या कामात गव्हाचे दोन भाग वेगळे होतात, आणि त्यातला एक भाग आपण बाजूला टाकतो.

बोलोन्याचा वैद्य आणि अध्यापक याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी याने १७२८ साली आपल्या विद्वत्सभेपुढे जे मांडले, त्याची कृती याहून फार निराळी नव्हती. त्याने कणकेचा गोळा पाण्याखाली धूत ठेवला. दुधासारखे पाणी वाहून गेले आणि हाती एक लवचीक गोळा राहिला. कुरडईवाल्या घराने चीक ठेवला. बेक्कारीने उरलेला गोळा तपासला. तो कुजला की त्याला मांसासारखी दुर्गंधी येते आणि तापवला की त्यातून प्राणिज पदार्थांसारखी द्रव्ये निघतात, हे पाहून तो चकित झाला. वनस्पतीत असे काही सापडेल अशी तेव्हा कल्पना नव्हती. १७४५ मध्ये हे छापले गेले आणि हा लवचीक गोळा, म्हणजे ग्लुटेन, अभ्यासाचा विषय झाला.

हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करून पाहावा. मी केला आहे आणि पाकशास्त्राची गोडी असलेल्या प्रत्येकाने तो एकदा करावा असे मला मनापासून वाटते. नळाखाली धरलेला ज्वारीचा गोळा धूसर होत होत विरघळून जातो आणि तळहातावर कोंड्याचे चार कण राहतात. ज्वारीत प्रथिने कमी असतात म्हणून हे होते असे नाही. गव्हासारखीच साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ती ज्वारीतही असतात. गव्हातल्या प्रथिनांचा मोठा भाग ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन जातींचा असतो. पाणी मिळाले आणि मळणे सुरू झाले की ती एकमेकांना धरून जाळे विणतात. ग्लायडिन ताणू देते, ग्लुटेनिन मागे ओढते. ज्वारीतले मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्याला दूर ठेवते आणि दाण्याच्या आत सूक्ष्म गोळ्यांत बंदिस्त असते. तासभर मळले तरी ते जाळे विणत नाही. मक्यातल्या झेइनची गत थोडीफार तीच.

मग भाकरी एकसंध राहते कशाच्या बळावर? ग्लुटेनशिवायच्या बेकिंगबद्दल, पावाबद्दल आणि गुंडाळून खायच्या पातळ पोळ्यांबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे या प्रश्नात आहे. गव्हाची नक्कल करायला निघालेल्या पाककृती बहुधा कोरड्या आणि भुसभुशीत होतात. ज्या धान्याचे पीठ हाती आहे त्याच्या माणसांनी ते कसे एकत्र आणले, हे आधी पाहिले की वाट सापडते.

मंगळवेढ्याच्या मालदांडी शाळूचे ताजे दळलेले पीठ असेल तर कोमट पाण्यातही ते तळहाताखाली रगडून वळते. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल, तर परातीत आळे करून त्यात उकळते पाणी घालावे लागते. तांदळाच्या भाकरीला तर आधणात पीठ घालून, झाकण ठेवून, चांगली उकडच काढतात. उकळत्या पाण्याच्या या दोन्ही ठिकाणी काम एकच असते आणि ते पिठातला स्टार्च करतो. थंड पाण्यात स्टार्चचे कण नुसते भिजतात. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते पाणी पिऊन फुगतात, काही फुटतात, आणि त्यांतून पाझरलेली अमायलोजची लांब साखळी भोवतालच्या कोरड्या पिठाला चिकटून बसते. सगळे पीठ शिजायला नको. थोडेसे शिजले की ते उरलेल्या कच्च्या पिठाला धरते. गव्हाच्या कणकेत प्रथिन जे करते ते इथे अर्धशिजला स्टार्च करतो, आणि त्याला मळण्याच्या जोरापेक्षा उष्णता जास्त लागते.

पुढचे कसब तव्यावरचे. थापलेली भाकरी तव्यावर पडली की पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरवतात. हे पाणी कोणी विसरले किंवा फार उशिरा फिरवले तर वरचा थर आधी सुकतो आणि भेगाळतो. ते वेळेत फिरले तर पृष्ठभागावरचा स्टार्च ओला राहून शिजतो आणि त्याचा सलग पापुद्रा तयार होतो. उलटून ती आरावर किंवा ज्योतीवर धरली की आतल्या पाण्याची वाफ त्या पापुद्र्याला ढकलते, पदर सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. ग्लुटेन नसलेल्या पिठात हवा कोंडून राहत नाही असे बेकिंगची पुस्तके सांगतात. भाकरीत ती काही क्षण राहते, आणि तेवढे क्षण पुरतात.

जगात अशा पोळ्या सगळीकडे आहेत आणि त्यांच्या कृती शेजारी ठेवल्या की माझे मन भरून येते. इथिओपियात तेफ नावाच्या बारीक दाण्याच्या गवताचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठाली, जाळीदार इंजेरा करतात. ओतण्याआधी आंबलेल्या पिठातला थोडा भाग वेगळा काढून, पाण्यात शिजवून, निववून पुन्हा मूळ पिठात मिसळतात. त्या शिजवलेल्या भागाला तिथे अब्सित म्हणतात. केरळात अप्पमच्या पिठात तांदळाची घट्ट पेज शिजवून घालतात. कोकणातल्या उकडीचे आणि या दोन कृतींचे तर्कशास्त्र एकच आहे, आणि ते शिकण्यासाठी या तिघांना एकमेकांकडे जावे लागले नव्हते.

मक्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात आणि मग ओलाच दळतात. चुन्यामुळे साल सुटते, स्टार्च काही अंशी शिजतो आणि पीठ असे धरते की त्याची पातळ टॉर्टिया हाताने थापता येते. त्याच चुन्यामुळे मक्यातले बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्वही सुटे होऊन शरीराला मिळते. स्पॅनिश जहाजांतून मका युरोपात आला. चुन्याची कृती मात्र मागेच राहिली. १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनच्या आस्तुरियास भागातल्या गरीब शेतकऱ्यांत कातडी सोलवटून टाकणारा एक रोग नोंदवला. पुढे उत्तर इटलीत तो इतका पसरला की त्याचे पेलाग्रा हे नाव तिथेच रूढ झाले. म्हणजे बेक्कारी ज्या इटलीत गव्हाची कणीक धुऊन पाहत होता, तिच्याच उत्तरेत पुढच्या पिढ्या मक्याची पोलेंता खाऊन आजारी पडल्या, कारण धान्य घेताना त्याच्यासोबतचे ज्ञान कोणी घेतले नाही. आज दुकानातून पाच-सहा परदेशी पिठांच्या पिशव्या आणून घरात मिसळणाऱ्यांनी हा इतिहास जवळ बाळगावा.

आता ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे त्यांच्याकडे येतो. ग्लुटेन टाळणे ही पुष्कळांना आजकालची आवड वाटते; सीलिअ‍ॅक रोग असलेल्या माणसाला तो औषधोपचार आहे, आणि सध्या दुसरा उपचार नाही. या माणसांच्या शरीराची संरक्षणयंत्रणा ग्लायडिनच्या तुकड्यांवर चवताळते आणि तो हल्ला लहान आतड्याच्या अस्तरावर होतो. अन्न शोषणारे सूक्ष्म उंचवटे सपाट होत जातात. मूल जेवते, पण वाढत नाही. पोट फुगते, रक्त कमी होते, हाडे कच्ची राहतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये याचे नेमके वर्णन केले. उपचार आहारातच सापडेल असेही त्यांनी लिहिले, मात्र कोणते अन्न टाळायचे ते त्यांना उमगले नाही. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुले त्याने सुधारत, कारण त्यात गहू नव्हता. श्रेय मात्र केळ्यांना गेले.

उत्तर मिळाले ते नेदरलँड्समध्ये. हेगच्या युलियाना बालरुग्णालयातले विलेम कारेल डिके यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न संपले. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव जवळजवळ दिसेनासा झाला, आणि त्या उपासमारीत सीलिअ‍ॅक असलेली मुले सुधारली. पुढे दोस्त सैन्याच्या मदतीने पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. त्या हिवाळ्यात हजारो माणसे भुकेने गेली, आणि ज्या पावाची सगळ्यांना आस होती तो या मोजक्या मुलांना सोसत नव्हता. डिके यांनी नुसत्या आठवणीवर विसंबून निष्कर्ष काढला नाही. काही थोड्या मुलांना वेगवेगळी धान्ये आळीपाळीने देऊन, काटेकोर नोंदी ठेवून त्यांनी १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. गहू आणि राय अपाय करतात, तांदूळ आणि मका करत नाहीत, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. पुढच्या काही वर्षांत व्हान डे कामेर आणि वायर्स यांच्या सोबतीने त्यांनी हा दोष गव्हाच्या ग्लायडिन या भागापर्यंत आणून ठेवला. बेक्कारीने धुऊन वेगळा केलेला गोळा असा दोन शतकांनी रुग्णालयात पोचला.

जगात साधारण शंभरात एकाला हा विकार असतो. भारतात उत्तरेकडच्या पाहण्यांत प्रमाण तेवढेच भरले आहे आणि दक्षिणेत फारच कमी. आनुवंशिक कारणे आहेतच, पण ताटात रोज गहू किती पडतो याचाही संबंध अभ्यासक जोडतात. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण या दोहोंच्या मध्ये आहे. आमच्या आधीच्या पिढ्यांत देशावरच्या सामान्य घरात पोळी सणावाराला होई आणि रोजचे जेवण भाकरीचे असे. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी हातची गेली, दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या वाट्याला सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची आठवण आजही म्हातारी माणसे नापसंतीने काढतात. रेशनवर गहू स्थिरावला, शहरात गेलेल्या माणसाच्या ताटात पोळी ही वर चढल्याची खूण झाली. आता शहरात चांगली शाळू गव्हाहून महाग मिळते, तर जिराईत रानात तिच्या जागी सोयाबीन आणि तूर उभी आहे. पथ्य म्हणून ज्वारीकडे परतणाऱ्याला हा बदल पिशवीच्या किमतीत दिसतो.

पावाकडे वळतो, कारण सगळी धडपड तिथेच होते. गव्हाच्या पावात यीस्टने सोडलेला वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि भट्टीतल्या उष्णतेने ते जाळे घट्ट होईपर्यंत टिकतो. तांदूळ, ज्वारी, नाचणी यांच्या पिठातून वायू निसटतो. त्याला अडवण्यासाठी दोन द्रव्ये आज वापरतात. एक झँथन गम. कोबीच्या पानांवर काळा कुजवा आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूपासून ते मिळते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात ते शोधून काढले. दुसरे द्रव्य आपल्या घरात कपाटातच असते, इसबगोल. उत्तर गुजरातेतले उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे आणि जगाला जाणारा बहुतेक इसबगोल भारतातूनच जातो. आपण तो पोटासाठी रात्री पाण्यातून घेतो. पश्चिमेकडचे ग्लुटेनमुक्त पाव करणारे त्याला आधारस्तंभ मानतात. मी झँथनपेक्षा इसबगोलाच्या बाजूचा आहे. झँथनने पाव उभा राहतो पण घासाला एक निसरडा चिकटपणा येतो. इसबगोलाने पिठाला हाताळता येईल असा लवचीकपणा येतो आणि तंतूही मिळतात. १०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅमच्या आसपास तो पुरतो. तो आधी पाण्यात भिजवून जेली झाल्यावर मिसळला तर सारखा पसरतो.

पाणी गव्हाच्या पावापेक्षा पुष्कळ लागते, कित्येकदा पिठाच्या वजनाइतके. कणीक होत नाही, दाट घोळ होतो, म्हणून साच्याच्या भिंतींचा आधार घ्यावा लागतो. भाजून झाल्यावरही घाई चालत नाही: स्टार्च थंड होताना आवळतो आणि तेव्हाच आतला भाग कापण्याजोगा होतो. गरम पाव कापला तर सुरीला चिखल लागतो. ज्वारी, तांदूळ आणि थोडे साबुदाण्याचे पीठ असा केलेला पाव दुसऱ्या दिवशी भाजून लोण्याबरोबर उत्तम लागतो. बेकरीतल्या लादीपावाच्या कापसासारख्या मऊपणाशी त्याची तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे. पण शाळेत सगळ्यांच्या डब्यात जे आहे त्यासारखे काहीतरी आपल्याही डब्यात असावे, ही मुलाची मागणी मी हलकी मानत नाही. अन्न ही सोबतही असते. त्या मुलासाठी गोलसर बन करून देणाऱ्या आईचे कष्ट मला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोठे वाटतात.

जिथे ग्लुटेनची गरजच नाही तिथे मात्र नक्कल करावी लागत नाही. केक आणि नानकटाईत ग्लुटेन वाढू नये म्हणूनच घोळ फार फेटायचा नाही, मैदा फार मळायचा नाही, असे शिकवतात. बेसनाची नानकटाई, ज्वारी आणि बदामाची बिस्किटे, अंड्याच्या फेसावर उभा राहणारा तांदळाचा केक हे सगळे पहिल्यापासूनच चांगले होतात. आणि फुगलेला, हलका, ग्लुटेन नसलेला पाव हवाच असेल तर तो इडलीच्या रूपाने आपल्या शेजारी शतकानुशतके आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात इडरिका येते ती उडदाची. पुढे तिला तांदूळ मिळाले आणि आंबवण्याची जोड मिळाली. उडदातली प्रथिने आणि त्याचा बुळबुळीत चिकट अंश मिळून वायूचे बुडबुडे धरून ठेवतात. म्हणून नुसत्या तांदळाच्या पिठाची इडली दगड होते. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेला गव्हाचा पाव रुजला, पण सणाला तांदळाची सान्नां माडाच्या सुरेने फुगवून वाफवत राहिले. ग्लुटेनमुक्त पावाची पाककृती शोधणाऱ्याने सान्नांचा तुकडा एकदा तरी तोंडात घालावा.

गुंडाळून खायच्या पोळ्यांच्या बाबतीत आपण आणखी सुदैवी आहोत. आगरी-कोळी घरांतली उकडीची तांदळाची भाकरी इतकी पातळ आणि मऊ असते की तळलेल्या मासळीचा तुकडा तिच्यात सहज लपेटता येतो. सिंधुदुर्गातले घावन बिडाच्या तव्यावर पातळ पिठाचे घालतात, वर झाकण ठेवून. झाकणाखालची वाफ वरचा पृष्ठभाग शिजवते, म्हणून ते उलटावे लागत नाही आणि दुमडले तरी चिरत नाही. आंबोळीत उडीद असतो, म्हणून ती जाड असूनही लवचीक राहते. मुगाच्या धिरड्यात भरपूर प्रथिने असल्यामुळे ते सारणाचे वजन पेलते. ज्वारीची लाटता येणारी पोळी हवी असेल तर ज्वारीच्या दोन भागांना साबुदाण्याच्या पिठाचा अर्धा भाग, थोडा इसबगोल, मीठ आणि उकळते पाणी घ्यावे, झाकून दहा मिनिटे मुरू द्यावे, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटावे. तवा कडक तापलेला असावा. मंद आचेवर ती भाजेपर्यंत सुकून जाते. उतरवल्या उतरवल्या एकावर एक रचून जाड फडक्यात बांधून ठेवावी, म्हणजे तिचीच वाफ तिला मऊ ठेवते.

तरी डब्यात दुपारपर्यंत ती कडक का होते? शिजलेला स्टार्च थंड होऊ लागला की त्याच्या साखळ्या पुन्हा रांगेत बसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. शीतकपाटाच्या तापमानाला हे सर्वांत वेगाने होते, म्हणून या पोळ्या तिथे ठेवू नयेत. गोठवल्या तर चालते. ही क्रिया मोठ्या प्रमाणात उलटवता येते, पुन्हा ओलावा आणि उष्णता दिली की पोळी मऊ होते. शिळ्या भाकरीला पाण्याचा हबका मारून फोडणीत परतणाऱ्या घरांनी हे फार पूर्वीच वापरात आणले होते. साबुदाण्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज कमी असते, म्हणून तो मिसळलेली पोळी सावकाश कडक होते. जवसाचे भिजवलेले पीठही या कामी येते.

पण सगळे साधले तरी सीलिअ‍ॅक रुग्णाच्या घरात खरी कसोटी कृतीपेक्षा स्वच्छतेची असते. अन्नाला ग्लुटेनमुक्त म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा एका किलोत २० मिलिग्रॅम आहे आणि भारतातही तीच लागू आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. काटवटीच्या लाकडात, पोळपाटाच्या भेगेत, तेलाच्या त्याच कढईत गहू लपून राहतो. बाजारातला बांधणीचा हिंग बहुधा मैद्यात घोळलेला असतो, आणि तो आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे असतो. कुरडईच्या चिकातही ग्लुटेनचा अंश राहतो, तेव्हा तो चोथ्यापासून वेगळा दिसला तरी या माणसांना चालत नाही. ज्यांच्या घरी हा विकार आहे त्यांनी दगडाचे छोटे जाते किंवा घरगुती चक्की फक्त या धान्यांसाठी राखावी, परात वेगळी ठेवावी, हिंगाचा खडा आणून कुटावा. नातेवाइकांना हे सोवळे वाटते. समजावताना धीर धरावा लागतो, आणि लग्नाच्या पंगतीत तर मूल काही न खाता बसलेले पाहण्याची वेळ येते.

एक गोष्ट मात्र अशा घरांच्या फार उपयोगाची आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत उपासाचा एक वेगळा कोपरा असतो: वरई, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, साबुदाणा, शेंगदाणे, सैंधव. त्या दिवशी धान्य वर्ज्य म्हणून गहू आपोआप बाहेर, भांडी घासून घेतलेली, तळणीचे तेल ताजे. उपासाच्या भाजणीचे थालीपीठ, वरईचे घावन, राजगिऱ्याची पुरी हे सगळे ग्लुटेनशिवाय उभे राहिलेले पदार्थ आहेत. त्यातल्या राजगिऱ्याचे आणि साबुदाण्याच्या कंदाचे मूळ अमेरिकेत आहे. तरीही आपण त्यांना इतके जवळ केले की एकादशीला त्यांच्याशिवाय भागत नाही. नव्याने पथ्य सुरू झालेल्या मुलाच्या आईने घाबरून आधी परदेशी पिठे मागवू नयेत. या कोपऱ्यापासून सुरुवात करावी. विकतच्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांत पुष्कळदा पांढरा तांदूळ, मक्याचा स्टार्च आणि साखर यांखेरीज फारसे काही नसते. रक्त आणि हाडे भरून काढायची असलेल्या मुलाला त्यापेक्षा १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असलेली नाचणी कितीतरी हितकर.

नाचणीवर मी सध्या काम करतो आहे. ती मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि सह्याद्रीच्या वरकस जमिनींत कायमची राहिली. इंजेराचा तेफ आणि नाचणी हे गवतांच्या एकाच उपकुळातले. तेव्हा इथिओपियाची कृती नाचणीला लावून पाहणे मला स्वाभाविक वाटले. पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचे, वर साचलेले पिवळसर पाणी ओतायचे, एक दशांश घोळ वेगळा काढून त्याची पातळ उकड करायची आणि कोमट झाल्यावर परत मिसळायची. दोन-तीन तासांत बुडबुडे येऊ लागतात. तव्यावर कडेकडून मध्याकडे ओतून झाकण ठेवले की वर जाळी पडते. ही पोळी उलटायची नाही. नुसत्या नाचणीची कड किंचित तडकते. भिजवून वाटलेला थोडा उडीद घातला तर तडकत नाही आणि थंड झाल्यावरही घट्ट पिठल्याभोवती दुमडता येते. आंबटपणा मात्र अजून हातात आलेला नाही. वैशाखात एका दिवसात जे होते त्याला पौषात तीन दिवस लागतात, त्यामुळे घड्याळ पाहून चालत नाही. झाकण काढून वास घ्यावा लागतो. पिकल्या चिंचेसारखा वास आला तर लगेच उकड काढायला घ्यावी, कारण त्यापुढे तासाभरातही चव कडवटाकडे झुकते.